आठ वर्षांची एक पायरी

तुम्ही पुन्हा नववीत आहात. सन 2024, सप्टेंबर संपत आलाय, शनिवारची सकाळ. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत आलेली शाळेची बस कान्हेरीच्या पायथ्याशी थांबली आहे आणि तुम्ही रांगेनं लेण्यांच्या वरच्या अंगाचा चढ चढताय. पुढे पाड्यावरचे मामा, मागे वनरक्षक, मध्ये बाई. वनखात्याचं परवानगीपत्र चार घड्या घालून बाईंच्या पर्समध्ये आहे आणि दर दहा मिनिटांनी त्या ते चाचपून बघतात. तुमच्या गळ्यात शिट्टी, सॅकमध्ये बटाट्याची भाजी-पोळी, हातात सुतळीचं भेंडोळं. भेंडोळं तुमच्याच हातात का? बसमध्ये सगळ्यात जास्त आवाज तुमचा होता म्हणून.

"बाई, बिबट्या दिसेल?"

"तो तुम्हाला बघेल. तुम्ही पायाखाली बघा."

पायाखाली ओला पाचोळा, त्यात गोगलगाई, आणि बघायचं राहून गेलं तर नेमकं तोंडावर येणारं पिवळसर चिवट जाळं. जाळ्याच्या मधोमध पंजाएवढी कोळीण. तिच्याच जाळ्याच्या कडेला तिचा नर, इतका लहान की मुलांना तो आधी तिचं पिल्लू वाटतो. दोन मुली मागे सरतात, एक मुलगा काडी शोधायला लागतो, मामा त्याच्याकडे नुसतं बघतात आणि काडी खाली पडते.

मग वळणावर कारवी लागते. एरवी हे झुडूप कुणाच्या नजरेत भरत नाही. खरबरीत, करवती कडांची मोठाली पानं, गोगलगाईंनी भोकं पाडलेली. बोटाएवढे सरळसोट दांडे, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेले. आज मात्र सगळा उतार निळा-जांभळा झालाय. एक तुरा खाली वाकवून भिंगातून बघा. एकावर एक बसलेल्या गोलसर सहपत्रांमधून फुलं बाहेर येतात, खाली नळीसारखी, तोंडाशी पसरट. तुरा बोटांना चिकटतो. मधमाश्यांचा आवाज इतका सलग आहे की थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो आणि कुणी बोललं की मगच पुन्हा ऐकू येतो.

बाई कामाला लावतात. दहा मीटरचा चौकोन झाडांसाठी, त्याच्या आत पाच मीटरचा झुडपांसाठी, त्याच्याही आत एक मीटरचा गवत-रोपांसाठी. चढावर चौकोन काढायचा म्हणजे भांडणच. फळ्यावरचा काटकोन इथे कुणाला सापडत नाही. फोनवरचं जीपीएस दाट झाडीत पाच-दहा मीटर इकडे तिकडे सांगतं, म्हणून बाई एका मोठ्या खडकावरून होकायंत्रानं दिशा आणि टेपनं अंतर घ्यायला लावतात. खडक हलणार नाही, उपग्रहांचं काय सांगा. मग मोजणी: दांडे किती, प्रत्येकाचा घेर किती, फुलोरा आलेले किती, न आलेले किती. कारवीच्या आत आणि बाहेर उघड्यावर तापमान किती.

"बाई, मागच्या वेळी इथे किती होती?"

"मागची वेळ म्हणजे 2016. कुणी लिहून ठेवलं असेल तर कळेल."

मामा सांगतात की कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, बिया धरते आणि मरते. सगळी एकदम. या डोंगरावरची या साली, पलीकडच्या एखाद्या डोंगरावरची दुसऱ्या साली, पण एका उतारावरची सगळी मिळून. बाई पलीकडच्या गटाकडे वळल्या आहेत. तुम्ही सुतळी खाली ठेवता, वही उचलता आणि दांडे बाजूला सारत आत शिरता. आणखी आत. पानं गालाला घासतात, आवाज थांबतो, पुन्हा सुरू होतो. पाय पडतो तो आठ वर्षं मागे.

2016. तोच उतार, तोच जांभळा रंग, फक्त खडकावर शेवाळ कमी. दुसऱ्या शाळेची मुलं आली आहेत. तुम्ही ज्या जागी सुतळी बांधलीत तिथेच एक मुलगा दोन बोटं उंचावून फोटोला उभा आहे.

"किती आहेत रे इथे?"

"खूप."

"म्हणजे किती?"

"म्हणजे सगळीकडेच."

तो चुकत नाहीये, त्याला कुणी मोजायला सांगितलेलंच नाही. सोमवारी वर्गात 'आमची सहल' या विषयावर निबंध होईल. त्यात पहाटे लवकर उठणं येईल, बसमधल्या गाण्यांच्या भेंड्या येतील, निसर्गाचं विलोभनीय दृश्य येईल आणि शेवटी 'ही सहल मी कधीही विसरणार नाही' येईल. दहापैकी आठ गुण. आपल्याकडे जंगलात गेलेल्या मुलाकडून शाळेनं वर्षानुवर्षं मागितलेला पुरावा हा एवढाच. त्या उताराचं काय झालं याचा त्यात एक आकडाही नाही, आणि फोटोंत मुलं पुढे, कारवी मागे, धूसर.

जरा थांबा इथे. या मुलाच्या पाठीमागे फुललेल्या कारवीची फळं उन्हाळ्यात वाळून कडक होतील, झुडपं उभ्या उभ्या मरतील. 2017 च्या पहिल्या पावसात फळांना ओल लागेल आणि ती फट् फट् करत फुटायला लागतील. डोंगरभर तो आवाज ऐकू येतो. बी लांब उडतं आणि रुजतं. म्हणजे तुम्ही सकाळी मोजलेला दांडा न् दांडा त्याच पावसाळ्यातला आहे. सगळ्यांचं वय सारखं, आणि ते तुम्हाला माहीत आहे. जंगलात वय कळणं ही चैन असते. झाडाचं वय काढायचं तर खोडाला भोक पाडून नमुना काढावा लागतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वर्षाची कडी धड उमटत नाही. कारवीचं वय मात्र काहीही न करता माहीत. मग चढावरची आणि घळीतली, उन्हातली आणि आंब्याच्या सावलीतली यांच्या जाडीत फरक पडला तर तो वयाचा नाही, जागेचा आहे. शाळकरी पोरांच्या हाती इतका स्वच्छ प्रयोग जंगल सहसा देत नाही.

सगळ्यांनी एकदमच फुलायचं कशाला, याचं एक उत्तर जीवशास्त्रज्ञ देतात ते पोटाचं आहे. दरवर्षी थोडं थोडं बी पडलं तर उंदीर, पाखरं, किडे दरवर्षी ते फस्त करतील. सात वर्षं काहीच नाही आणि आठव्या वर्षी एकदम डोंगरभर बी, तर खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि उरलेलं रुजतं. जी एकटीदुकटी कारवी अवेळी फुलते तिचं बी वाचण्याची शक्यता कमी. घड्याळ पाळायला लावणारा मास्तर हा असा आहे.

आता भरभर. आठाचा पाढा उलटा म्हणत निघा. 2008. 2000. 1992. 1984. 1976: फाटकावरच्या पाटीवर संजय गांधींचं नाव अजून नाही. 1968: पश्चिमेकडच्या द्रुतगती मार्गाचा घरघराट विरळ होत होत बंद पडतो आणि बोरिवलीच्या बाजूला इमारतींच्या जागी भातखाचरं दिसायला लागतात. 1952 मध्ये उद्यानाचं नाव कृष्णगिरी आहे आणि ते आजच्यापेक्षा बरंच लहान आहे. त्याच्या मागे उद्यानही नाही, नुसतं रान. प्रत्येक पायरीवर कारवी फुललेली आहे, प्रत्येक पायरीवर मधमाश्या आहेत, आणि तुमच्या वहीत लिहायला आधीच्या कुणाची ओळ नाही.

1896 वर दम खायला थांबा. खाली शहरात मांडवीच्या गोदामांच्या भागात प्लेगनं माणसं मरायला लागली आहेत. थोड्याच आठवड्यांत लोक मुंबई सोडून पळत सुटतील. इकडे डोंगरावर फुलं गळत आली आहेत. 12 नोव्हेंबरला याच शहरात एक मुलगा जन्माला येणार आहे आणि त्याला भेटायला पाढा थोडा मोडावा लागेल. बारा वर्षं पुढे या. 1908. ही फुलण्याची पायरी नाही, कारवी नुसतीच हिरवी उभी आहे, पण तुम्हाला जंगलात थांबायचंही नाही. गाडी पकडून फोर्टात जा, अपोलो स्ट्रीटवर, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या खोल्यांत.

सोसायटी 1883 ची. आत शिरताच औषधी-कुबट वास येतो, भिंतीवर शिंगं, कपाटांच्या रांगा. दारात अकरा-बारा वर्षांचा पोरगा उभा आहे, हातात कागदाची पुडी. पुडीत त्यानं छर्र्याच्या बंदुकीनं पाडलेली चिमणी आहे, पण गळ्यावर पिवळा डाग असलेली. घरात कुणालाच सांगता आलं नाही की ही कुठली. त्याच्या मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी, चिठ्ठी देऊन पाठवलंय. डब्ल्यू. एस. मिलार्ड नावाचे सेक्रेटरी पुडी उघडतात, बघतात, आणि पोराला 'अभ्यास कर जा' म्हणायच्या ऐवजी कपाटाकडे नेतात. खण ओढतात. आत ओळीनं ठेवलेली चिमण्यांची भुसा भरलेली कातडी, प्रत्येकीच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी.

पोरगा म्हणजे सलीम अली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकांतूनही फिरली आहे, आणि ती नेहमी त्या पोराच्या कुतूहलाची म्हणून सांगितली जाते. तुम्ही मात्र पोराकडे बघू नका, त्या दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीकडे बघा. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कुणी आणला. तो खण नसता तर चिमणी फेकून दिली गेली असती आणि कुतूहल आठवडाभरात विझलं असतं. कुतूहल प्रत्येक वर्गात दोन-चार पोरांकडे असतंच. मघाशी काडी शोधणारा तो त्यातलाच. कमी असतात ते खण. मुलानं आणलेली गोष्ट घेणारं, आधीच्या कुणीतरी आणलेल्या गोष्टीशेजारी ठेवून बघणारं माणूस आणि कपाट.

पुन्हा डोंगरावर. पाढ्यावर पाय ठेवा आणि 1856 ला उतरा. कारवी भरात आहे, पण तुमच्या दहा मीटरच्या चौकोनातली झाडं कुठे गेली? चढ बराचसा उघडा पडलेला आहे; खाली पाड्यावर धूर आहे, कारवीच्या दांड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. एक बाई कोयत्यानं गेल्या खेपेचे वाळके दांडे तासते आहे. मरून उभी राहिलेली कारवी म्हणजे पाड्याला आयतं घरबांधणीचं सामान. सकाळी तुम्हाला वाट दाखवणाऱ्या मामांच्या घराला सिमेंटचे पत्रे आहेत, पण कूड कसा विणायचा हे त्यांच्या हातांना अजून येतं.

दक्षिणेकडे उतरत जा. घमेल्यांचा, पहारींचा आवाज येतो. विहारच्या खोऱ्यात मिठी नदीवर बांध पडतोय. तीनच वर्षांपूर्वी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुरू झाली. मुंबईच्या बेटावर पाच लाखांवर माणसं राहतात आणि ती विहिरींवर आणि तळ्यांवर भागवतात. पाऊस कमी झाला की तळी आटतात आणि उरलेलं पाणी प्यायच्या लायकीचं राहत नाही. म्हणून हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरची योजना: इथे पाणी अडवायचं आणि लोखंडी नळांतून शहरात न्यायचं. 1860 मध्ये विहार तलावाचं काम पुरं होईल. पाठोपाठ 1879 मध्ये तुळशी तलाव.

आता तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य आठवा: जंगलामुळे पाऊस, जंगलामुळे पाणी. इथे तुमच्या डोळ्यांदेखत उलटं चाललंय. शहराला पाणी हवं, पाणी स्वच्छ राहायला हवं, म्हणून तलावांच्या पाणलोटात शेती आणि वस्तीला मज्जाव, म्हणून तिथे रान वाढू दिलं गेलं, आणि पुढे त्याच गाभ्याभोवती राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. दोन्ही तलाव अजून मुंबईला पाणी देतात. आज दोन कोटींच्या महानगराच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरचं जंगल कसं काय उरलं, या प्रश्नाचं एक मोठं उत्तर इथे घमेल्यांत भरून चाललेलं आहे. ज्यांना हटवलं त्यांची बाजू मात्र कुठल्या खणात नाही. वहीत तेही लिहा: लेपाचा वास, कोयता, धूर. आकडा नसला तरी नोंद नोंद असते, फक्त तारीख टाका.

इथून पुढचा पल्ला लांबचा. पाढा म्हणत बसू नका, एकदम 1008 ला उतरा; 2024 वजा 1008, भागिले आठ, पूर्ण एकशे सत्तावीस. हे गणित घड्याळ हजार वर्षांत एकदाही चुकलं नाही असं धरून केलेलं आहे. नववीच्या वहीत अशा गृहीतकाखाली लाल रेघ मारतात, तुम्हीही मारा. आणि एक वर्ष कळ काढा, कारण पाहुणे 1009 मध्ये येणार आहेत.

1009 चा पावसाळा सरलाय. उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य. कारवी गेल्या साली फुलून मेली, उतारावर वाळक्या दांड्यांच्या मध्ये गुडघ्याच्याही खाली असलेली नवी रोपं दाटली आहेत. खाली लेणी आहेत, तुम्ही सकाळी पाहिलीत तीच, शंभरावर. त्यांतली जुनी तेव्हाही हजार वर्षांच्या आसपासची. डोंगरावरून येणारा पावसाचा प्रत्येक ओघळ खडकात कोरलेल्या पन्हळीतून टाक्यांकडे वळवलेला आहे. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मोजा: टाकं किती लांब, किती रुंद, किती खोल, आणि वर्षभरात किती माणसांना पुरेल. करण्याजोगं गणित आहे. कान्हेरीला जाणाऱ्या शाळा बुद्धमूर्तीशी फोटो काढून परत येतात आणि भिक्षूंचा जलव्यवस्थापनाचा धडा न बघता, तोच विषय वर्गात परत येऊन पुस्तकातून शिकवतात.

वरच्या एका लेण्यात गडबड ऐकू येते. पारशी मंडळी आली आहेत, बघायला. त्यातला एकजण छिन्नीनं भिंतीवर पहलवी अक्षरं कोरतोय. तुम्ही मान वर करून बघता. कोण कोण आलं त्यांची नावं, बापांच्या नावांसकट. महिना, दिवस, आणि त्यांच्या यज्दगर्दी सनाचं वर्ष 378, म्हणजे 1009. बारा वर्षांनी, 1021 मध्ये, आणखी काहीजण येतील आणि तेही आपली नावं कोरतील. आज कुणी असं केलं तर पुरातत्त्व खातं बरोबर धरेल, आणि धरावंच. पण दोष बाजूला ठेवून अक्षरं बघा. सहलीला आलेल्या माणसांनी ठिकाणावरच, नाव आणि पुरी तारीख घालून, आपण आलो होतो हे लिहिलं, म्हणून हजार वर्षांनंतर इतिहासकारांना पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशांचा एक पक्का धागा हाती लागला. 2016 च्या त्या पोराचा निबंध रद्दीत गेला तेव्हा त्याच्यावर तारीखही नव्हती.

आणखी मागे जायचंय? जा, पण फार वेळ थांबू नका. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास इथे श्वास घेणं कठीण आहे. लाव्हा, राख, फुटलेल्या दगडांचे ढीग. लेणी ज्यात कोरली तो खडक त्याच ज्वालामुखीच्या उलथापालथीत घट्ट होणार आहे. कारवी नाही, आठाचा पाढा नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत वरळीच्या बाजूला उथळ पाण्याचं डबकं साठलंय आणि त्यात नखाएवढे-बोटाएवढे बेडूक आहेत. ते चिखलात दबतील, चिखलाचा दगड होईल, आणि 1847 मध्ये रिचर्ड ओवेन लंडनला बसून त्यांना नाव देईल. वरळीला राहणाऱ्या तुमच्या वर्गातल्या मुलाला हे सांगा. तो दादरच्या पलीकडे निसर्ग असतो असं समजून सकाळपासून कंटाळलेला आहे.

परत या. पण हात सुटतो आणि तुम्ही 2024 ओलांडून पुढे जाता, आणि पडता ते जून 2025 मध्ये.

पाऊस नुकताच आलाय. उतारावर मेलेली कारवी काळपट तपकिरी उभी आहे आणि सगळीकडून फट्, फट्, फट्. एक बी कपाळावर बसतं. तुमचा चौकोन जागेवर आहे, सुतळी कुजून गेली आहे, खडक आहे. मेलेल्या दांड्यांच्या वर आता आडोसा नाही, म्हणून जमिनीवर उजेड पडलाय. दाट कारवीखाली जी झाडांची रोपं कोमेजून जायची त्यांना डोकं वर काढायला एवढीच फट मिळते. किती रोपं? कुठली? एक मीटरच्या चौकोनात मोजायला इथे मुलं हवी होती. पण आजूबाजूला एकही शाळा नाही. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालायची असतात, गणवेश शिवायचे असतात. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा हवा छान असते, बस स्वस्त मिळते, आणि जंगल वाळून बसलेलं असतं. सहलीची तारीख बस ठरवते, झाड ठरवत नाही. विज्ञानाच्या क्षेत्रभेटीचं एवढं एक जरी बदललं, सप्टेंबरात एकदा आणि जूनमध्ये त्याच जागी पुन्हा, तर बाकीचं साहित्य सुतळी आणि टेपच आहे, ते शाळेच्या कपाटात पडूनच असतं. दुसऱ्यांदा जाणं महाग नाही. फक्त पहिल्यांदाच्या वहीला कुणीतरी किल्ली-कुलूप द्यायला हवं.

दहावीला तुम्हाला वेळ नाही, शिकवण्या आहेत, सराव परीक्षा आहेत. म्हणून वही आठवीतल्या एका मुलीला द्या. खडक कुठला, होकायंत्राचा आकडा काय, टेप किती मीटरवर संपली, सगळं लिहून द्या. ती तिच्या खालच्या वर्गातल्या कुणाला देईल. चार-पाच हातांतून वही जाईल, एकदा हरवेल, बाईंच्या घरी सापडेल.

आणि मग 2032, सप्टेंबर. शेवटची पायरी. तुम्ही बावीस वर्षांचे आहात, नोकरीचा पहिला महिना आहे, रजा मिळत नव्हती, खोटं कारण सांगून आलात. उतार फुललेला आहे. नववीतल्या एका मुलीच्या हातात सुतळीचं भेंडोळं आहे आणि काखेत तुमची वही, तिचं पुठ्ठ्याचं कव्हर सुटलेलं. तिनं खडक शोधलाय, चौकोन आखलाय, दांडे मोजून तुमच्या आकड्यांशेजारी आपले आकडे लिहिलेत. आता ती घेराच्या रकान्यावर अडली आहे.

"तुम्हीच लिहिलंय ना हे? 2024 चं?"

"हो."

"इथे लिहिलंय, घेर जमिनीपासून एक वीत वर मोजला."

"हो. बरोबर आहे."

"वीत कुणाची?"

तुम्ही हात पुढे करता. ती टेप काढते, तुमच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत धरते, बघते, आणि मान हलवते.

"ही आत्ताची झाली. नववीत केवढी होती?"